मरणाऱ्यानं तपासायचा खंजीर

मी, मयताची पत्नी, वय एक्केचाळीस वर्षे, धंदा फिरत्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळणे व शिवणकाम, राहणार कंपनीच्या गोदामावरील खोली, आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते ते असे. कंपनीत लहानथोर सगळे मला वहिनी म्हणतात. जबाब लिहून घेणारे साहेब म्हणाले की, बाई, तुमच्या शब्दांत सांगा. तेव्हा माझ्याच शब्दांत लिहा, मध्ये तुमचे घालू नका.

माझ्या पतींना सगळी कंपनी दादा म्हणायची. ते आणि माझा धाकटा दीर, दोघेही नाटकात काम करायचे. लढाया, झटापटी, खून, असलं जे काही स्टेजवर असेल ते या दोघांकडे. सासूसासरे लवकर गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा दीर शाळेत जात होता, त्याच्या चड्डीची बटणं मी लावलेली आहेत. दोघं भाऊ एकमेकांशी भांडायचे का, असं मला विचारण्यात आलं. भांडायचे. एकानं पूर्व म्हटलं की दुसरा पश्चिम म्हणणार. पण एकाशिवाय दुसऱ्याचं पानही हलायचं नाही. भावाभावांचं असंच असतं, त्याला वैर म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा, पुढे लागेल. माझ्या पतींच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं. देखाव्याच्या गाड्याखाली सापडून वरची दोन पेरं गेली होती.

काल सकाळी आम्ही कंपनीची माणसं विमानानं इकडे यायला निघालो. ट्रक आधी गेला होता, पण हत्यारांची पेटी आम्ही नेहमी बरोबर ठेवतो, ट्रकमध्ये पाती वाकतात. तलवारी, ढाली, शिरस्त्राणं, खंजीर आणि एक पत्र्याचं पिस्तूल, सगळं खोटं. पेटी भरताना पिस्तुलाची मूठ निखळली. दिरानं ती चिकटवली आणि ओली आहे म्हणून रुमालात गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत ठेवली. मी म्हटलं, "सुकली की आठवणीनं पेटीत टाक." म्हणाला, "हो वहिनी." कसलं काय! पेटी सामानात देऊन झाली, आम्ही आत गेलो आणि पिस्तूल त्याच्या पाठीवरच.

तपासणीच्या यंत्रावर बसलेली मुलगी किंचाळली. मला काही समजायच्या आत चार शिपायांनी दिराला खाली पाडलं. एकानं मानेवर गुडघा दिला, एक बुटानं हाताच्या पंजावर उभा राहिला. तोंड फरशीवर आपटलं, दात ओठात घुसला, फरशी लाल झाली. गप्प पडून राहावं की नाही? तर हा "अहो, नाटकातलं आहे, दाखवतो, दाखवतो" म्हणत सुटा हात पिशवीकडे न्यायला लागला. तेव्हा एका शिपायानं खरं पिस्तूल काढून त्याच्या डोक्याला लावलं. बोट चापावर होतं.

माझे पती लोकांना ढकलत पुढे गेले आणि शिपायांना काही न बोलता आपल्याच भावावर तुटून पडले. कॉलर धरून उठवला, थोबाडीत मारल्या, पोटात लाथ घातली, "गाढवा, अकलेच्या कांद्या, आज तुला जिवंत ठेवत नाही" असं ओरडत राहिले. नाकातून रक्त आलं तरी थांबले नाहीत. शेवटी जो शिपाई मघाशी त्याला तुडवत होता, तोच माझ्या पतींना मागे ओढायला लागला. म्हणाला, "सोडा हो, मारून टाकाल काय पोराला!" ज्यानं पिस्तूल काढलं होतं त्यानं ते परत कमरेला लावलं. मग माझे पती बाजूला झाले आणि भिंतीला टेकून धापा टाकत राहिले. मी म्हटलं, "अहो, जनावराला तरी कोणी असं मारतं का?" ते म्हणाले, "घरच्यानं हात उचलला की बाहेरचा थांबतो. नाहीतर आज त्याला गोळीच लागली असती."

कॅमेऱ्यात ही मारहाण दिसते, म्हणून दिरानं त्याचा सूड घेतला, असं साहेबांचं म्हणणं आहे. कॅमेऱ्यात चित्र आहे, आवाज नाही. मी तिथे होते.

दिराला चौकशीसाठी आतल्या खोलीत नेलं. आमची पेटी परत मागवून एका अधिकाऱ्यानं टेबलावर उघडली. खोट्या रक्ताच्या बाटल्या त्यानं हुंगल्या, हे विमानात जाणार नाही म्हणाला आणि काढून घेतल्या. मग खंजीर हातात घेतला. त्याचं पातं स्प्रिंगवर आहे, दाबलं की मुठीत जातं, बघणाऱ्याला वाटतं अंगात गेलं. माझ्या पतींनी समजावून सांगितलं. अधिकाऱ्यानं स्वतःच्या तळव्यावर दोनदा दाबून बघितलं, लहान पोरासारखा हसला आणि म्हणाला, "हलणारं पातं पाठवता येणार नाही, पक्कं करा." मुठीत एक स्क्रू आहे. दुरुस्तीच्या वेळी तो पिळला की पातं जागच्या जागी राहतं, एरवी आम्ही त्याला हात लावत नाही. माझ्या पतींनी खिशातल्या नाण्यानं तो पिळला. पातं हलेना, अधिकाऱ्याचं समाधान झालं. तेव्हा टेबलाशी ते, मी आणि अधिकारी होतो. दीर आतल्या खोलीत होता. त्याला कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण? दोघांचं बोलणं बंद होतं.

पिस्तूल पत्र्याचंच निघालं म्हणून दिराला सोडलं. विमानात मी दोघांच्या मध्ये बसले. इकडून म्हणायचे, "विचार त्याला, दुखतंय का." तिकडून उत्तर, "सांगा, नाही." हातभर अंतरावर बसलेल्या माणसांची मी पोस्टमन. शेवटी मी म्हटलं, मला दोघांनी मिळून वेड लावायचं ठरवलंय का? तर दोघंही खिडकीबाहेर बघायला लागले.

आमच्या कंपनीचा एक नियम आहे, तो नीट लिहा. ज्याला वार बसणार, त्यानंच हत्यार तपासायचं. मारणाऱ्यानं तपासायचं नाही, तो बघत बसला तर ऐन वेळी हात कचरतो आणि मग वार भलतीकडेच जातो. हा नियम जुन्या मालकांपासून चालत आला आहे. म्हणून रोज प्रवेशाआधी दीर मूठ पुढे करून खंजीर द्यायचा, माझे पती तळव्यावर पातं दाबून बघायचे आणि परत करायचे. मगच दोघं स्टेजवर जायचे. इतक्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

काल संध्याकाळी विंगेत दिरानं नेहमीसारखी मूठ पुढे केली. मी शेजारीच त्यांच्या चिलखताचे बंद बांधत होते. माझ्या पतींनी त्याच्या सुजलेल्या ओठाकडे बघितलं. खंजीर घेतला आणि न दाबता तसाच त्याच्या कमरेच्या म्यानात खोचला. म्हणाले, "आज नाही तपासत. तुझ्या हातातलं काय तपासायचं? माझाच हात तपासायला हवा." दीर त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला. त्याचं काजळ ओघळलं म्हणून मी दोघांवर ओरडले, पण मला मनातून इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्यांना माफी मागता यायची नाही. जन्मात कोणाची मागितली नव्हती. ही त्यांची माफी होती.

स्क्रू त्यांनी स्वतः पिळला होता आणि ते विसरले. मी डोळ्यांनी बघितला होता आणि मीही विसरले. हे दोन्ही लिहा.

नाटकात सेनापती राजाला मारतो. राजा माझे पती, सेनापती दीर. खंजीर चिलखताच्या डाव्या बाजूच्या फटीतून बरगडीखाली लागतो. पातं बोथट आहे, पण टोकाला निमुळतं आहे, आणि स्प्रिंग कडक असल्यामुळे सगळा जोर लावावा लागतो. दिरानं जोर लावला. वार दोन असतात. पहिला झाला, लगेच दुसरा झाला. माझे पती नेहमी जसे वाकतात तसे वाकले. मग चिलखताखालून लाल धार आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सुद्धा क्षणभर म्हटलं, आज रक्त छान उतरलं. आणि मग आठवलं की रक्त तर सकाळी काढून घेतलंय, आज रक्त नाहीच.

मी किंचाळले. तेही लोकांना नाटकातलंच वाटलं. दीर मोठ्यानं "दादा" म्हणाला. सेनापती राजाला दादा म्हणत नाही, तेव्हा कुठे मॅनेजरनं पडदा पाडला. त्यांना उचलून दवाखान्यात नेत असताना माझ्या मांडीवर डोकं होतं. गाडीतच गेले. जाताना दिराचं नाव घेतलं.

साहेबांनी विचारलं की, पहिला वार चुकून झाला असं एकवेळ धरू, पातं आत गेल्यावर मारणाऱ्याला कळलं असेलच, मग दुसरा का मारला? तर दुसरा वार दिरानं मारलेला नाही. स्टेजवरची मारामारी मारणारा चालवत नाही, मरणारा चालवतो. केस ओढले की ज्याचे केस धरलेत तोच डोकं हलवतो. इथेही तसंच आहे. पहिला वार झाला की राजा आपल्या डाव्या हातानं सेनापतीचं मनगट पकडतो, लोकांना वाटतं तो हात लांब ढकलतोय. खरं तर तोच तो हात मागे घेतो आणि तोच पुन्हा स्वतःकडे खेचतो. हजार वेळा केलेलं काम आहे. दुखायच्या आधी हातानं आपलं काम उरकलं, साहेब. मी विंगेतून बघितलं. दीर हात सोडवायला बघत होता आणि त्यांनी घट्ट धरला होता.

"मीच मारलं" असं दिरानं सांगितल्याचं मला इथे समजलं. तो दुसरं काय म्हणेल? मूठ त्याच्याच हातात होती. त्याच्या सांगण्यावर जाऊ नका, त्याचं उजवं मनगट बघा, असं मी म्हटलं. साहेब म्हणाले, बघू उद्या. मी म्हटलं, उद्या वळ फिके होतील, आजच बघा, माझ्यासमोर बघा. मी खुर्चीवरून उठायला नकार दिला.

त्यानंतर दिराला बाहेर आणण्यात आलं. अंगावर अजून सेनापतीचेच कपडे होते. विमानतळावर उजवा गाल सुजला होता, आता डावाही सुजला होता. तो कशानं सुजला, ते मी विचारलं, कोणी सांगितलं नाही. बाही मी स्वतः वर केली. मनगटावर निळे वळ होते. तीन लांब आणि एक आखूड, पलीकडे अंगठा. साहेबांनी वाकून बघितलं. मला माझ्या नवऱ्याचा हात ओळखायला दिवा लागत नाही.

दीर म्हणाला, "वहिनी, दादानं हात सोडलाच नाही हो." आणि खाली बसला. शिपाई त्याला "ऊठ, नाटकं करू नकोस" म्हणून काठी उगारून पुढे आला.

तेव्हा मी दिराच्या थोबाडीत मारली. सगळ्या ठाण्यासमोर, होता नव्हता तो जोर लावून मारली. पुन्हा मारली. म्हटलं, गाढवा, पिस्तूल पेटीत टाक म्हणून सांगितलं होतं ना तुला! माझ्या हाताला त्याचं रक्त लागलं. शिपायानं काठी खाली घेतली आणि मलाच धरलं, "बाई, सोडा, सोडा" म्हणाला. मी त्याला सांगितलं आणि इथेही लिहून देते की, या पोराच्या घरचं आता मी एकटीच माणूस आहे. घरच्यांनी मारून झालेलं आहे. यापुढे बाहेरच्या कोणी त्याच्यावर हात टाकायचा नाही.

वर लिहिलेलं सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. थोबाडीत मारल्याचा मजकूर साहेब गाळायला निघाले होते, तो मी पुन्हा लिहायला लावला, तो आत आल्याची खात्री केली आणि मगच सही केली.