देवबागचा शालू

वर्तकनगरच्या टेलरकडे माझ्याआधी दोघी जावा बाकावर बसल्या होत्या. धाकटी उत्साहात होती.

"वहिनी, आमच्या रसिकाचं लग्न देवबागच्या बीचवर ठरलं. तुमच्या माहेरी."

"माहेरी कसलं, रिसॉर्टवर."

"आदल्या दिवशी नवरानवरी स्कूबा करणार. सकाळी ती होडीत बसून मांडवात येणार."

"त्यात नवल काय? मी होडीतूनच सासरी आलेले. शालू गुडघ्यापर्यंत भिजला, त्यावर तुम्ही सगळे अजून हसता."

"रसिका नाही हसत. ती म्हणते, काकूसारखंच करायचं."

"संचिताला मी हेच सुचवलेलं. तर माझी लेक म्हणते, आई, काहीतरीच काय. ठाकुर्लीच्या एसी हॉलमध्ये उरकलं तिनं."

"ज्याची त्याची आवड."

"हो ना. तुझीच तेवढी गुणाची."

"वहिनी, रसिकाला तुमचा तो शालूच नेसायचाय. त्यावरचा ब्लाउज शिवायला टाकू म्हणून तर तुम्हाला इथे आणलं."

"तो शालू संचिताचा आहे."

"पण ती तर शालूही नको म्हणालेली ना?"

"नको ती म्हणाली. देते असं मी कुठे म्हटलं?"