रामाचा हात

दवाखान्यात नंबरासाठी बसलेल्या कीर्तीच्या मागच्याच बाकावर सातपाटीच्या बर्फ कारखान्यातला रामा आणि तापानं फणफणलेली त्याची बायको शकू टेकली होती; दोघांचं बोलणं कीर्तीच्या कानावर पडत होतं.

"बोटी बर्फासाठी खोळंबल्यात. तुमी जावा."

"कंडेन्सरच्या नळ्या गाळानं तुंबल्या, बर्फ धरतच नव्हता. पाणी उलटं सोडून आलोय. गाळ निघतोय, हाताखालचा केतन हाय तिकडं."

"नळ्या साफ झाल्या ते त्याला कळंल?"

"तो मीटर बघतो. मला पाइपाला हात लावला की कळतं, गरम किती नि गार किती."

"मग माझा ताप हातानं बघायचा होता. इथं कशाला आणलं?"

"बघितला ना. रात्रभर बघितला."

"मग?"

"हातच थरथरत होता, शकू. काय कळलंच नाय."