भिंगाची टोपी

दोन हजार अकरा साल, नोव्हेंबरची सव्वीस तारीख, शनिवार, धक्क्यावरच्या दोरांवर पहिलं हिव चढलेलं, आणि भर सकाळी त्या बाईने मला टोपी घातली! मला! चाळीस वर्षं बोटीवर तांडेलकी केलेल्या माणसाला! हसू नका. टोपी म्हणजे खरोखरची टोपी. काळी, प्लास्टिकची, पुढून उघडी, ऊन अडवायला कॅमेऱ्याच्या भिंगाला घालायची. आणि तिच्या आत एक गोल काच, भिंगावर फिरवून बसवायची. आता तुम्हीच सांगा, भिंग म्हणजे काय? काचच ना? मग काचेला काच कशाला?

हेच मी ओडेसाला विचारलं. ओडेसा झिंक. तिच्या अर्ध्या दुकानात कॅमेरे, अर्ध्यात विणायची लोकर. मी सहावीत शाळा सोडली तेव्हा ती माझ्या पुढच्या बाकावर होती, आणि सातवीपासूनचं मला शिकवायचं तिच्याकडेच राहिलंय असं तिला अजून वाटतं! मी गेलो होतो बॅटरी घ्यायला. फक्त बॅटरी. कॅमेरा काही माझा नाही. एल्माचा, माझ्या बायकोचा.

तुम्हाला सांगतो, नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी आमचा शेवंडीचा, म्हणजे लॉबस्टरचा, हंगाम उघडतो. बोटींवर सापळ्यांचे ढीग, सगळं गाव धक्क्यावर, कोणी रडतंय, कोणी ओरडतंय... आणि एल्मा टोकाच्या खांबापाशी उभी राहून आमच्या बोटीचा फोटो काढते. एकतीस वर्षं, एकच खांब. एकतीस फोटो जिन्याच्या भिंतीवर. यंदा तिचं खुब्याचं हाड मोडलं, ती खाटेवर. माझं हृदय बघून डॉक्टरने मला दर्याबंदी केली, मी जमिनीवर. आणि बोट नेणार आमची नोरीन. मुलगी. पहिल्यांदाच तांडेल! म्हणजे ज्या वर्षी फोटो हवाच, त्या वर्षी तो काढणार कोण? तर जन्मात ते बटण न दाबलेला माणूस!

"क्लेटन," एल्मा म्हणाली, "मला ती जाताना बघायचीय. एकच फोटो आण."

एकच. पण ती बोट त्या दिवशी एकदाच जाते हो! परत बोलावून 'जरा पुन्हा जा' म्हणता येतं का?

तर ओडेसा म्हणते, "धक्क्यावर खारं पाणी उडतं. काच लाव."

"काचेला काच कशाला?"

"तू लोकरी हातमोज्यावर रबरी हातमोजा घालतोस. हाताला हात कशाला?"

मी म्हटलं, बरं, काच दे. टोपी नको. ऊन असतं कुठे आमच्याकडे नोव्हेंबरात? तर म्हणते, "तुझ्या टोपीला पुढे छज्जा कशाला आहे रे? शोभेला?" दुकानात लोकर घ्यायला आलेल्या तीन बाया. तिघी हसल्या! आणि ही वर म्हणते, "उपयोग नाही झाला तर दोन्ही परत आण, मी घेते. झाला, तर डोक्यावरची ती टोपी माझ्यापुढे काढायची."

मी टोपी दोनच ठिकाणी काढतो. चर्चमध्ये आणि कोणाला पुरताना. म्हटलं, ठरलं! घेतल्या दोन्ही. तुम्हाला सांगतो, सरळ सरळ टोपी घातली मला.

घरी आलो, लावून दाखवली. एल्मा हसायला लागली, हाड दुखेपर्यंत हसली. "अरे, उलटी घातलीस! उलट्या टोपीवाल्या हॉकीच्या पोरांसारखा दिसतोय माझा कॅमेरा!" म्हणाली, आणि सरळ करून दिली.

सोमवार उजाडला. सात वाजले. खांबापाशी मी. चाळीस वर्षांत हंगामाच्या दिवशी धक्का बोटीशिवाय दुसरीकडून कधी बघितला नव्हता. बघ्यांमध्ये उभा, हातात बायकोचा कॅमेरा! नोरीनने बोट सोडली. तिच्या पुढे बॅसिलची बोट. बॅसिल माझा चुलतभाऊ, पन्नास वर्षं दर्यावर, आणि दोर फेकायची अक्कल अजून यायचीय! त्याने बोटीतून धक्क्यावर दोर भिरकावला, टोकाला हिवाने गोठलेली गाठ, दगड नुसता... आणि ती आली ती थेट कॅमेऱ्याच्या तोंडावर. खाट्!

"चुकलं रे क्लेटन!" बॅसिल ओरडतो.

"तुझं बरोबर कधी आलंय!"

पण कॅमेरा वळवून बघितला. टोपीचा अर्धा भाग उडून पाण्यात. काच तडकून कोळ्याचं जाळं झालेली. त्यातून बघतो तर नोरीन एक नाही, चौदा नोरीनी, आणि चौदाही निघाल्या! काच फिरवून काढायला जातो तर कडं चेपलेलं, हलेना. बोटं बधिर. बोट वळणावर आलेली. मला डोळ्यांपुढे एल्मा दिसत होती, उशीला टेकून दाराकडे बघत बसलेली. तिला काय सांगू? बॅसिल झाला म्हणून?

खिशात हात घातला. शेवंडीवाल्याच्या खिशात काय असणार? रबरं! नांगीला घालायची जाड रबरं. एक कड्यावर ताणून चढवलं, पकड आली, दात खाल्ले, पिळलं... सुटलं! आणि खाली भिंग! स्वच्छ! एक ओरखडा नाही, एल्माने आत्ताच पुसून ठेवल्यासारखं. मी धक्क्यावर मोठ्याने बोललो म्हणे. काय बोललो ते चर्चमध्येच बोलतात.

तेवढ्यात बेटामागून सूर्य वर आला, तिरपा, डोळ्यात घुसणारा. आणि टोपीचा उरलेला अर्धा तुकडा अजून भिंगालाच, नेमका त्याच बाजूला! आड आला. सावली धरली त्याने. केबिनच्या खिडकीत नोरीन. हसली नाही. तांडेल हसत नाही. माझ्याकडे बघून नुसता हात वर केला, आणि मी दाबलं.

बोट गेली.

एल्माने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत फोटो बघितला. खूप वेळ बघितला. मी दारात उभा, बूटसुद्धा न काढता.

"वर कोपऱ्यात काळं काय आहे?"

"टोपी. तुटकी." म्हटलं, गेला. चुकला फोटो.

"राहू दे. तिचा हात नीट आलाय." मग चष्मा काढून पुसला. "बत्तिसावा," म्हणाली, आणि कॅमेरा उशीपाशी ठेवला.

मंगळवारी ओडेसाच्या दुकानात गेलो. तडकलेली काच, चेपलेलं कडं, टोपीचा अर्धा तुकडा, सगळं टेबलावर मांडलं. लोकरवाल्या तिघी होत्याच, त्यांना घरदार नाही का?

ओडेसाने काच उचलली, उजेडाला धरली. "काचेला काच कशाला, क्लेटन?"

"नवी दे," म्हटलं. "टोपीपण."

तिने मला पुन्हा टोपी घातली. मी माझी काढली.