'उ' म्हणजे तू

झिबुयिले : नाही, नाही, नाही! 'इन्यामा' म्हणजे मटण. 'इन्योका' म्हणजे साप. तू आत्ता शेजारच्या माम्बाथाबाईकडे वाटीभर साप मागितलास.

नोलवाझी : तरी म्हटलं, त्या दारातूनच का परत वळल्या!

झिबुयिले : हसायला गेली बाहेर. सुतकाच्या घरात हसता येत नाही ना. चल, पुन्हा. पाणी?

नोलवाझी : अमान्झी.

झिबुयिले : दूध?

नोलवाझी : उबुसी... उबिसू?

झिबुयिले : उबिसी! पंचवीस वर्षांची घोडी झालीस. इथली बोळकी पोरंसुद्धा दूध नीट मागतात.

नोलवाझी : आत्या, तीन वर्षांची असताना बाबा मला लीड्सला घेऊन गेले. तिथे कोण मला उबिसी देणार होतं?

झिबुयिले : तुझा बाप! बावीस वर्षांत त्याला चार शब्द शिकवता आले नाहीत?

नोलवाझी : म्हणायचे, गावी नेईन तेव्हा आपोआप येईल.

झिबुयिले : आला की गावी. पेटीत झोपून आला. ...जाऊ दे. हे बघ, शनिवारी त्याला पुरलं, आज बुधवार. आईनं, तुझ्या आजीनं, अजून घासाला हात लावलेला नाही. मी सांगून थकले, पाद्री सांगून गेले, दवाखान्यातल्या नर्सनं दम भरला. आता उरलीस तू. आणि तिला तुझ्या इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही.

नोलवाझी : मग तूच बोल ना. मी नुसती शेजारी बसते.

झिबुयिले : माझं ऐकलं असतं तर हा वर्ग कशाला भरवला असता? म्हण, 'उलाम्बिले, गोगो?' आजी, भूक लागलीय का तुला?

नोलवाझी : उलाम्बिले, गोगो.

झिबुयिले : 'उ' म्हणजे तू, 'न्गि' म्हणजे मी. लक्षात ठेव. मग 'न्गिच्चेला', म्हणजे कृपा करून. जीभ दातांना लावून च्च. हळहळताना करतो ना, तसं.

नोलवाझी : न्गिचेला.

झिबुयिले : 'चे' नाही गं बाई, च्च!

नोलवाझी : च्च. च्च. च्च.

झिबुयिले : पाल चुकचुकल्यासारखं नुसतं तेवढंच नको!

नोलवाझी : शाळेतही असंच शिकवतेस का?

झिबुयिले : शाळेत मुलं घाबरतात मला. घे हा वाडगा, भोपळ्याची पेज आहे. दोन्ही हातांनी धर, आत गेल्यावर गुडघे टेक, आणि घाई करू नकोस.

(दोघी अंगण ओलांडून आजीच्या गोल झोपडीत जातात; झिबुयिले दारातच थांबते. आजी चटईवर, भिंतीकडे तोंड करून बसली आहे.)

नोलवाझी : गोगो... न्गिलाम्बिले.

झिबुयिले : 'उ'! 'उ' गं!

नोलवाझी : न्गिलाम्बिले, गोगो. न्गिच्चेला... न्गिच्चेला...

झिबुयिले : अरे देवा! आई, तिला म्हणायचं होतं—

गोगो : माझे कान शाबूत आहेत, झिबुयिले. 'मला भूक लागलीय, आजी,' म्हणाली. दोनदा म्हणाली. माझ्या लेकाची लेक माझ्याच घरात भूक लागली म्हणते! खायला काय घातलंस तिला?

झिबुयिले : मी? तीन-तीनदा जेवते ती! सकाळीच पावाच्या चार चकत्या—

नोलवाझी : आत्या, काय म्हणतेय ती?

झिबुयिले : मी तुला उपाशी मारते म्हणतेय! तुझ्या त्या एका अक्षरापायी!

नोलवाझी : मग खरं काय ते सांग ना तिला.

झिबुयिले : सांगते. आई, अगं— ...थांब. उठतेय ती. नोलवाझी, आता तोंडातून एक शब्द काढू नकोस.

गोगो : आण तो वाडगा इकडे. चाखून बघू... ह्याला पेज म्हणतात? भोपळा कच्चा राहिलाय. बघू परत... हो, कच्चाच. साखरही नाही. ये गं पोरी, आ कर.

नोलवाझी : आत्या, ती मला भरवतेय! माझं पोट तुडुंब—

झिबुयिले : खा!

गोगो : तिच्यावर ओरडू नकोस. आणि तू दारात का उभी? ये, बस इथे. शनिवारपासून बघतेय मी, तुझ्याही पोटात काही नाही.