इस्माईलभाईच्या हातची चव

भावांनो, जमातीच्या वडीलधाऱ्यांनो, इथल्या कुवेतच्या शुवैख बंदराच्या गोदीतून आलेल्या मंडळींनो, सगळ्यांना सलाम. मला बोलता येत नाही. दुकानात मी गल्ल्यावर बसायचो, बोलायचा तो इस्माईल. आज तो नाही म्हणून मला उभं केलंत, तर दुःखाआधी राग येतोय. माफ करा, पण रागच आहे.

परवा इस्माईलला मिट्टी देऊन आपण कब्रस्तानाबाहेर आलो. हाताची माती झटकली नव्हती, तोच एकानं मला विचारलं, "दुकान कधी उघडणार? चव तीच राहील ना?"

चव! या चवीनंच माझ्या भागीदाराला घरी जाऊ दिलं नाही.

ज्या सँडविचवर आपलं दुकान चालतं, ते त्याला एका अमेरिकन जहाजावरच्या खानसाम्यानं शिकवलं. तव्यावर गोश्ताचे पातळ काप, कांदा, वर डब्यातलं चीज वितळवायचं आणि लांब समून पावात भरायचं. यात कसली करामत? पण तुम्ही म्हणालात, इस्माईलच्या हाताला चव आहे. साऱ्या कुवेतमध्ये नाव झालं. बोट लागली की खलाशी आधी आपलं दुकान विचारायचे. आणि तव्यापाशी त्याचा चुलतभाऊ याकूब दिसला, की तुम्ही दारातूनच मागे फिरायचात. फिरायचात की नाही? सांगा ना!

तिकडे रत्नागिरीला त्याच्या जुबैदाचा निकाह ठरला. मी म्हटलं, जा. तो म्हणाला, "मी गेलो का धंदा बसला समज." मुलीचा निकाह बापाशिवाय झाला.

मग छातीत दुखायला लागलं. डॉक्टरनं तव्यापुढे उभं राहायला मनाई केली. तेव्हा आम्ही दुकानात पडदा लावला. पडद्यामागे तव्यावर याकूब, पुढे इस्माईल, फक्त कागदात गुंडाळून द्यायला. होय मंडळी, ईदेपासून तुम्ही खाल्लंत ते याकूबच्या हातचं! आणि काय म्हणत होतात? "वा इस्माईलभाई, आज तर कमाल केलीत!"

मी त्याला म्हटलं, "ऐकलंस? आता तरी घरी जा. नातवाचं तोंड बघून ये." तर हा शहाणा म्हणतो, "अरे, कागद माझ्या हातानं बांधला ना, म्हणून लागली त्यांना चव."

काय करायचं अशा माणसाला? इस्माईल, तुझ्यावरही राग आहे माझा. यांनी कौतुक केलं आणि तू ते खरं मानलंस. नातवाला न बघताच गेलास.

उद्या दुकान उघडणार आहे. पडदा मी काढून टाकलाय. तव्यावर याकूब, द्यायलाही याकूब. तो बघा, मागे बसलाय, मान वर करत नाही. शोकसभेत दोन मिनिटं गप्प उभं राहायची रीत आहे. आज नको. उद्या या. याकूबच्या हातून घ्या, पहिला घास खा, आणि तो गिळेपर्यंत कुणी एक शब्द बोलू नका. इस्माईलसाठी मला तेवढी शांतता द्या.