चुन्याच्या रेघेवरची चाल

माहेर माह्यं जळगाव जामोदकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं, अन् लग्न होऊन आली ते जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाले, मेहकर तालुक्यात, जानेफळले. बापानं मजुरी केली, पण आम्हा बहिणींची शाळा मोडू देली नाही, म्हणून आज मी अंगणवाडी सेविका आहो. माह्यं कामच याद्यायचं, कोणाचं वजन किती, कोणाची लस राह्यली, कोणत्या घरी गरोदर बाई. लोकं हसतात, म्हणतात ताई सपनातबी हजेरी घेते. घेते बाप्पा. लिहून ठेवलं नाही की माणूस आपल्या बोलण्यावरून फिरते, हे मी लई पाह्यलं.

माही पोरगी प्रज्ञा अकरावीले आहे, कबड्डी खेळते. चढाईले गेली की काय सांगू तुम्हाले, समोरच्या पोरी आपोआप मागं सरकतात. दिवाळीच्या आधी मेहकरच्या मॅचमध्ये दोघीजणींनी तिचा पाय धरला अन् तिसरीचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. उठली, माती झटकली, अन् सरळ समोरच्या संघाच्या अंगणात जाऊन उभी राह्यली, जशी ती त्यायचीच खेळाडू. लोकं हसले. मग तिले उलटी झाली तवा हसणं बंद झालं. बुलढाण्याले नेलं, सिटी स्कॅन केला, तो साफ निघाला. मी माह्या वहीत बरोबरची खूण केली. विषय संपला.

पण संपू देतील तर ना. डॉक्टर म्हणे स्कॅन चांगला आहे पण खेळायचं नाही, आधी मेहकरच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमले दाखवा. त्या मॅडमनं काय करावं? फरशीवर चिकटपट्टी लावलेली, त्यावर टाचेले अंगठा लावत चाल म्हणे. एका पायावर डोळे मिटून उभी राहा म्हणे. मग चालता चालता शंभरातून सात सात उणे करत जा. अन् स्वतः हातात घड्याळ घेऊन लिहून राह्यली. मी विचारलं, मार डोक्याले लागला तर पाय काऊन तपासता? ती म्हणे, ताई, यावरूनच समजते की बरी व्हायले किती दिवस लागतील. अन् पुढच्या मंगळवारी या, तोवर मैदान बंद.

मले तवाच वास आला. जिल्हा संघाची निवड पंधरा दिवसांवर, अन् शाळेच्या क्रीडा शिक्षकाची सख्खी भाची चढाईत दुसऱ्या नंबरावर. आमची पोरगी बसली की तिची जागा पक्की. आमचं आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलते, ते मले कोणी शिकवू नये. सर घरी आले, म्हणे ताई, घाई करू नका, जीव महत्त्वाचा. एवढी काळजी आधी कधी दिसली नव्हती. मी चहा पाजला अन् वहीत लिहून ठेवलं, सर आले, काय काय बोलले.

मग मी ठरवलं. परीक्षा आहे ना, तर अभ्यास करू. अंगणात चुन्याची रेघ मारली, मॅडमच्या पट्टीएवढीच, पावलानं मोजून. सकाळी दहा फेऱ्या, शाळेतून आल्यावर दहा, मग एका पायावर उभं राहणं. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, हे पाढ्यासारखं घोकून घेतलं. तिचा बाप म्हणे, पोरीले सर्कशीत घालून राह्यली का तू? मी म्हणली, तुम्ही गप राहा. मंगळवारी पोरगी रेघेवरून अशी गेली जशी तारेवरून चिमणी. मॅडमनं घड्याळ पाह्यलं, वही पाह्यली, म्हणे छान, उद्यापासून हळूहळू पळू दे, अन् तशी चिठ्ठी देली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा हापशीवरून बादली घेऊन येऊन राह्यली होती. मी दारातून विचारलं, शाळेचा डबा घेतला का? ती थांबली. बादली हातातच, पाय जागेवर, हो म्हणली, अन् मग चालू लागली. मी अजून एक विचारलं. पुन्हा थांबली. ही पोरगी तोंड बंद न करता अख्खं गाव चालून येणारी, अन् आता एका हो साठी तिचे पाय थांबत होते.

अंगणवाडीत वजनाच्या दिवशी काही बाया लेकराले तराजूत घालायच्या आधी दोन केळी चारून, तांब्याभर पाणी पाजून आणतात, नाव कमी वजनाच्या लाल रंगात जाऊ नये म्हणून. मी त्यायले झाडते, म्हणते बाई, काटा फसला पण लेकरू वाढलं का? अन् मी काय केलं होतं?

पोरीले घेऊन पहिल्या बसनं मेहकर गाठलं. मॅडमले सगळं सांगतलं, रेघ, फेऱ्या, पाढा. वाटलं आता वरडते. ती जराशी हसली, म्हणे, ताई, पेपर पोरीचा होता अन् सोडवला तुम्ही. मग चिठ्ठी परत घेतली. पोरीले म्हणे, चालता चालता मेहकरपासून तुह्या गावापर्यंतची गावं उलटी सांग. प्रज्ञा दुसऱ्याच नावाले थांबली, भिंतीले हात लावला. मॅडम म्हणे, स्कॅनमध्ये रक्त दिसते, फुटलेलं हाड दिसते, डोकं किती थकलं ते दिसत नाही. अशात दुसरा मार लागला असता तर मी काय, कोणीच काही सांगू शकलं नसतं.

निवड गेली. सरची भाची संघात गेली. सरबद्दल माह्या मनात जे आहे ते अजून आहे, एवढं काही धुतल्या गेलं नाही. पण अंगणातली रेघ मी खराट्यानं खरडून काढली.

आता दर पंधरा दिवसांनी आम्ही मेहकरले जातो. मॅडमनं माह्यं आत येणं बंद केलं, म्हणे तुम्ही बाहेर बसा. पोरीलेबी बजावून ठेवलं. मी बाकावर बसते, आतून पावलं ऐकू येतात. मागच्या खेपेले प्रज्ञा बाहेर आली, म्हणे पळायले परवानगी भेटली, पकडापकडी अजून नाही. मी सवयीनं वही काढली, विचारलं, आज काय काय करायले लावलं वं? ती चालत पुढं निघाली, न थांबता म्हणे, आई, तुले नाही सांगणार.

नको सांगू माय, म्हणलं. मलेच नको सांगू.