कंधार रोडवरचं माझं पळणं

अगं, माझ्या पळण्याचं काय झालं ते ऐक. शुगर वाढल्यापासून जिवाला चैन पडेना. शेवटी ह्यांना सांगून पळायला निघाले. कंधार रोडच्या पुलापर्यंत न थांबता जायचंच, असं ठरवलं होतं. पूल दिसायला लागला, तेवढ्यात मागून आलेली एसटी पुढे जाऊन थांबली.

कंडक्टर ओरडला, "मावशी, दमानं या, थांबलोय आम्ही!"

"मला न्हाई यायचं, व्यायाम करून राहिले!"

"साडीवर कसला व्यायाम? चढा लवकर, लोकं खोळंबलेत."

दारातल्या दोन बायांनी हात धरून मला वर ओढलंच. सीटवर बसले, तरी पाय काही स्वस्थ राहीनात.

कंधारला उतरून ह्यांना फोन केला, "मी कंधारला आहे, न्यायला या."

हे घाबरून म्हणाले, "अगं, पहिल्याच दिवशी एवढं पळतात का?"